उणे आठ डिग्रीचं पातळ पाणी घरी कसं करायचं

पाणी शून्याला गोठतं हे अर्धंच खरं आहे. बर्फ शून्याला वितळतो हे पक्कं, पण गोठायला सुरुवात व्हायला पाण्याला काहीतरी निमित्त लागतं, धुळीचा कण, बर्फाचा कण, असलं काहीतरी. ते नसेल तर पाणी उणे आठलाही आरामात पातळ राहतं, फॅरेनहाइटने हे १७२४ मध्येच लिहून ठेवलंय.

तर पॅकबंद पाण्याच्या छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या आणा, झाकण उघडू नका, आणि काचेची अजिबात नको, फुटेल. फ्रीझरमध्येही जमतं पण तिथे तापमान कळत नाही, म्हणून मी पातेलंवाला आहे. मोठ्या पातेल्यात बर्फाचा चुरा, त्यात थोडं थोडं मीठ, नीट ढवळा, थर्मामीटर त्या खाऱ्या चिखलात खुपसा आणि काटा उणे आठ-दहाच्या आसपास राहील असं बघा, वर चढला तर आणखी बर्फ-मीठ. बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा आणि तासभर हात लावू नका. एखादी मध्येच गोठणारच, म्हणून तीन-चार ठेवा.

मग हळूच काढून ओट्यावर दणकन आपटा, सुया सुया पसरत जातात, बघण्यासारखं असतं! किंवा वाटीत बर्फाचा खडा ठेवून त्यावर ओता.

या प्रयोगाच्या व्हिडिओत "क्षणात दगड" म्हणतात ते सोडा. गोठताना उष्णता बाहेर पडते आणि सगळं परत शून्यावर येतं, हिशोब करा, ८ डिग्री गुणिले ४.२ (एक ग्रॅम पाणी एक डिग्रीने तापवायला लागणारे ज्यूल) भागिले ३३४ (एक ग्रॅम बर्फ वितळवायला लागणारे ज्यूल), म्हणजे जेमतेम दहा टक्के बर्फ, बाकी पाणीच.

खरी गंमत याच्याही खूप खाली आहे. ४ डिग्रीखाली पाणी उलटं प्रसरण पावत जातं, आणि १९९२ मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी कॉम्प्युटरवर करून सुचवलं की खोल थंडीत, दाबाखाली, पाण्याची दोन वेगवेगळी द्रवरूपं असावीत, एक दाट एक विरळ. अडचण अशी की शुद्ध थेंबही उणे ४० च्या आसपास आपोआप गोठतात, त्यामुळे बघायला वेळच मिळत नाही. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या पोहांगच्या एक्स-रे लेसरवर (क्ष-किरणांचे अतिशय छोटे झोत सोडणारं यंत्र) शास्त्रज्ञ उलट्या बाजूने गेले, दाट काचेसारखा बर्फ दुसऱ्या एका लेसरने झटक्यात तापवला, आणि तो पुन्हा गोठायच्या आत दाट द्रवाचा विरळ द्रव होताना टिपला.

आपल्या पातेल्यात हे दिसणार नाही. आणि हो, गोठलेली बाटली परत वापरायची तर आधी पूर्ण वितळू द्या, झाकणाखाली एक कण बर्फ राहिला तरी पुढच्या खेपेला शून्याखाली गेल्या गेल्या गोठेल.