लिनक्सवर माऊस मनासारखा चालत नाही? या चुका टाळा

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या डीटीपीच्या दुकानात लिब्रेऑफिसमध्ये लग्नपत्रिका जुळवताना ‘चि. सौ. कां.’ची ओळ मधेच दुसऱ्यांदा उमटते. प्रूफात नजरेतून सुटली, तर तशीच छापून येते. हा व्हायरस नव्हे. लिनक्समध्ये मजकूर नुसता सिलेक्ट केला, तरी कॉपी न करताही तो एका वेगळ्या कप्प्यात राहतो आणि माऊसचं चाक दाबलं की पेस्ट होतो. चाक फिरवताना बोट जरा जड पडलं, की झालं! टूल्स, ऑप्शन्स, व्ह्यू इथे जाऊन ‘मिडल बटन’समोर ‘नो फंक्शन’ निवडा. हा इलाज लिब्रेऑफिसपुरताच. नोम डेस्कटॉपवर ‘ट्वीक्स’ या ॲपमधून ‘मिडल क्लिक पेस्ट’ही बंद करता येतं.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो वेलँड आहे की एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्सच्या दोन यंत्रणा) हे न बघता कमांड चालवण्यात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात २१.०४ आवृत्तीपासून साधारणपणे वेलँड येतं. तिथे ‘एक्सइनपुट’ या माऊसची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने माऊसचा वेग बदलत नाही, मग कमांड कितीही अचूक टाका. सेटिंग्जच्या ‘अबाउट’मध्ये ‘विंडोइंग सिस्टिम’ आधी वाचा. वेलँड असेल तर बदल डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधूनच करा.

एक्स११ वर एक्सइनपुट चालतं, पण मशीन रीस्टार्ट केलं किंवा माऊस काढून लावला की बदल पुसला जातो. शिवाय स्क्रिप्टमध्ये आयडीचा आकडा लिहू नका, तो बदलतो. डिव्हाइसचं नाव लिहा. वायरलेस माऊस कधीकधी त्याच नावाने कीबोर्ड म्हणूनही दिसतो. अशा वेळी नावाआधी ‘पॉइंटर’ आणि कोलन जोडा, नाहीतर कमांड अडते. कायमचा बदल हवा असेल तर ‘ईटीसी’खालच्या एक्सऑर्गच्या (म्हणजे एक्स११ च्या) फोल्डरमध्ये आपली वेगळी फाइल ठेवा. ‘यूएसआर’खालची मूळ फाइल बदललीत, तर पुढच्या अपडेटला मेहनत पाण्यात.

वेग लावताना आधी माऊसवरचं डीपीआयचं (माऊस किती संवेदनशील ते ठरवणारं) बटण ठरवा, मग स्लायडर हलवा. लिबइनपुट या माऊस-कीबोर्ड सांभाळणाऱ्या लिनक्सच्या भागात वेग उणे १ ते अधिक १ असतो, ० म्हणजे मूळ वेग. उद्यमनगरातल्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग काढणाऱ्यांनी ॲक्सिलरेशन ‘फ्लॅट’, म्हणजे हाताच्या वेगाप्रमाणे न बदलणारं, ठेवावं. ‘अडॅप्टिव्ह’मध्ये हात झटकन हलला की पॉइंटर जास्त लांब जातो, त्यामुळे रेघेच्या टोकावर नेमकं थांबणं जमत नाही.

इंकस्केप या चित्र काढायच्या ॲपमध्ये ऑल्ट दाबून ओढलं की चित्राऐवजी अख्खी खिडकीच सरकते? लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये खिडकी हलवायला ऑल्टच लावलेली असते. सिस्टिम सेटिंग्ज, विंडोज, बिहेविअर इथे ती बदलून ‘सुपर’ (विंडोजचं चिन्ह असलेली की) करा.

एका क्लिकला दोन क्लिक पडत असतील तर सेटिंगला हात लावण्याआधी दुसरा माऊस जोडून बघा. बहुतेकदा आतला स्विच झिजलेला असतो.