हिरे विकत घेण्यापेक्षा मॉड टाका, पण आधी सेव्ह कॉपी करा

परवा भाचा मागे लागून राहिला, मामा, मोबाईल गेममधल्या हिऱ्यांसाठी ७९ रुपये टाक ना, एकदाच. पाहिलं तर स्किन, म्हणजे हिरोचा नवीन वेश, १०० हिऱ्यांची आणि ७९चा पॅक ८० हिऱ्यांचा. म्हणजे वीससाठी अजून एक पॅक घ्या, मग साठ उरतात, आणि ते साठ वाया जाऊ नये म्हणून पुढच्या आठवड्यात तिसरा. हिशोब मुद्दामच जुळत नाही बे. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन नावाच्या गेममधल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं तेव्हा लोकांनी केवढा गोंधळ घातला होता, आज तेवढ्यात घोड्याची शेपटीपण येणार नाही.

आधी पैशाचं गळणं बंद करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोट मागायचा पर्याय आहे, तो चालू करा. आणि महिन्याचा पास घेतला असेल तर गेम डिलीट करून तो थांबत नाही, सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल करावा लागते, हे अर्ध्या लोकांना पैसे कटल्यावर समजते.

मग भाच्याचा पुढचा प्रश्न, मॉड एपीके, म्हणजे कोणीतरी फेरफार केलेलं गेमचं ॲप, टाकू का, सगळं फुकट? नाही. ऑनलाइन गेमचं अकाउंट बॅन होते तो भाग वेगळा, पण कोणी बनवलं माहीत नसलेलं ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि त्याच फोनवर तुझ्या बापाचं यूपीआय आहे, ओटीपी तिथंच येतो.

खरं मॉडिंग, म्हणजे गेममध्ये नवीन गोष्टी घालणारे छोटे मॉड टाकणं, शिकायचं तर एकट्याने खेळायचा, एकदाच विकत घ्यायचा गेम घ्या. मी त्याला स्टारड्यू व्हॅली घेऊन दिला, सेल लागली होती. २०१६चा आहे, एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने बनवलेला, मोठमोठे अपडेट आजपण फुकट येतात, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर मे महिन्यात कूलरसमोर ठेवून आरामात चालते.

सगळ्यात आधी सेव्ह, म्हणजे आतापर्यंतचा खेळ ज्यात साठवलेला असते त्या फाइली. विंडोज आणि आर सोबत दाबा, %ॲपडेटा% इंग्रजीत टाइप करा, स्टारड्यू व्हॅलीच्या फोल्डरमध्ये सेव्ह्ज दिसेल, ते अख्खं उचलून पेन ड्राइव्हवर टाका. हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

मॉड चालवायला स्मापी (SMAPI) नावाचा प्रोग्राम लागते. झिप उतरवा आणि एक्स्ट्रॅक्ट करा, मगच विंडोजवाली इन्स्टॉल फाइल उघडा. भाच्याने झिपच्या आतूनच डबल क्लिक केलं आणि अर्धा तास मला म्हणे तुमचा लॅपटॉपच डब्बा आहे. काळी खिडकी उघडते, आकडे विचारते, इन्स्टॉलसाठी १. शेवटी ती एक ओळ देते, ती कॉपी करून स्टीममध्ये (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप) गेमच्या लॉन्च ऑप्शनमध्ये टाकायची, नाहीतर स्टीमवरून साधाच गेम सुरू होते आणि मॉड कुठे गेले म्हणून शोधत बसता.

आता गेमच्या फोल्डरमध्ये मॉड्स नावाचं फोल्डर दिसेल. नेक्सस नावाच्या मॉडच्या वेबसाइटवरून घेतलेला मॉड एक्स्ट्रॅक्ट करून तिथं ठेवा. पण एका वेळी एकच, मग गेम चालवून पाहा. एकदम वीस टाकले आणि बिघडलं तर कोणता चोर ते कसं सापडेल? गेमसोबत काळी खिडकी चालूच राहते, तिच्यात लाल अक्षरं आली की घाबरू नका, वाचा. बहुतेक वेळा लिहिलेलं असते की अमुक मॉडला कंटेंट पॅचर नावाचा दुसरा मॉड लागते आणि तो तुमच्याकडे नाही. नको असलेला मॉड डिलीट न करता फोल्डरच्या नावाआधी टिंब लावा, बंद होते.

मोठा मॉड, ज्यात नवीन गावं, नवीन पिकं असतात, तो मधेच काढला तर त्याच्या वस्तू पेटीत लाल खुणेच्या एरर आयटम होऊन बसतात, म्हणून असले मॉड नवीन शेतावरच सुरू करा. आणि गेमचा मोठा अपडेट आला की दोनचार दिवस थांबा, मॉडवाल्यांनाही पोट आहे, ते सवडीने दुरुस्त करतात.

एक राहिलं. हा गेम सेव्ह होते ते गेममधला हिरो रात्री झोपल्यावरच. आमच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, दुपारी लाईट गेली आणि भाच्याचा अख्खा दिवस, मासे-बिसे सकट, उडाला. आता लाईट लुकलुकली की तो पहिले हिरोला पलंगावर पळवते.