रिफ्रेश झालं तरी फॉर्म भरलेलाच राहायला हवा, तर यूआरएल वापरा

युजरने फिल्टरच्या फॉर्ममध्ये एवढं सगळं निवडलं, चुकून रिफ्रेश दाबलं आणि सगळं साफ, हे खूप त्रासाचं आहे आणि टाळणं खरंच सोपंय. लोकलस्टोरेजही (ब्राउझरमधली साठवणूक) चालतं, पण यूआरएलमध्ये ठेवलं की लिंक दुसऱ्याला पाठवली तरी त्याला तोच भरलेला फॉर्म दिसतो, म्हणून सर्च, फिल्टर, सॉर्टिंगसाठी मी हेच सुचवेन.

आधी प्रत्येक फील्डला नेम दिलंय ना बघा, नुसत्या आयडीवर फॉर्मडेटा (फॉर्ममधल्या व्हॅल्यू गोळा करणारं जावास्क्रिप्टचं ऑब्जेक्ट) ते उचलत नाही. मग फॉर्मवर इनपुट इव्हेंट लावा, त्यात फॉर्मडेटा घेऊन यूआरएलसर्चपॅरम्सला द्या, अख्खी क्वेरी स्ट्रिंग (यूआरएलमधला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) आयती मिळते, ती हिस्टरीच्या रिप्लेसस्टेटने (हे आहे तीच एन्ट्री बदलतं) ॲड्रेसला जोडा. पुशस्टेट नको, नाहीतर प्रत्येक अक्षराला हिस्टरीत नवी एन्ट्री पडते आणि माणूस बॅक दाबून दाबून वैतागतो. आणि ३०० मिलिसेकंदांच्या आसपास डिबाउन्स (टायपिंग तेवढं थांबल्यावरच कोड चालवणं) लावाच, कारण रिप्लेसस्टेट सारखं सारखं कॉल केलं तर ब्राउझर अडवतात, सफारी तर सरळ एरर देतो.

पेज लोड झालं की लोकेशनच्या सर्चमधून व्हॅल्यू वाचून फील्डमध्ये भरा. एकाच नेमचे बरेच चेकबॉक्स असतील तर यूआरएलसर्चपॅरम्सचं गेट नको, गेटऑल घ्या, गेट फक्त पहिलीच व्हॅल्यू देतं.

खरी गोची चेकबॉक्सचीच आहे. टिक नसलेला चेकबॉक्स फॉर्मडेटात येतच नाही, त्यामुळे जो आधीपासून टिक असतो तो युजरने काढला तरी रिफ्रेशनंतर परत टिक होऊन बसतो. यावर उपाय म्हणजे यूआरएलमध्ये क्वेरी असेल तर आधी सगळे चेकबॉक्स अनचेक करायचे आणि मग जे सापडतील तेच टिक करायचे.

रीसेट बटण असेल तर त्याचा इव्हेंट वेगळा पकडा, रीसेटने इनपुट इव्हेंट येत नाही आणि जुनी क्वेरी तशीच लटकत राहते.

मराठी मजकुराचं एक लक्षात ठेवा, देवनागरीतला प्रत्येक कोडपॉइंट (अक्षर, मात्रा, हलन्त असं प्रत्येक सुटं चिन्ह) यूआरएलमध्ये एन्कोड होऊन ९ कॅरेक्टरचा होतो, नुसता 'नमस्कार' ६३ कॅरेक्टर खातो, म्हणून लांबलचक टेक्स्टएरिया इथे ठेवू नका, त्याला सेशनस्टोरेज (टॅब बंद होईपर्यंत टिकणारी साठवणूक) बरं.

आणि पासवर्ड, ओटीपी, फोन नंबर यूआरएलमध्ये अजिबात नको, कारण क्वेरी ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, रिफ्रेश केल्यावर सर्व्हरच्या लॉगमध्येही जाते. म्हणून अख्खा फॉर्म घेण्यापेक्षा कुठली फील्ड यूआरएलमध्ये जाणार त्यांची यादी कोडमध्येच करा आणि तेवढीच उचला.