महाविद्यालयीन निबंध कसा लिहावा

महाविद्यालयात दिलेल्या विषयावर माहिती गोळा करून ती ओळीने मांडली की निबंध झाला, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तपासणाऱ्याला माहितीपेक्षा तिच्या आधारे काढलेला निष्कर्ष वाचायचा असतो. ‘महाराष्ट्राची रोजगार हमी योजना’ हा विषय मिळाला आहे असे धरून चालू.

प्रथम विषयाचा प्रश्न करावा. ‘योजनेची माहिती द्या’ हा प्रश्न नव्हे. ‘१९७२च्या दुष्काळातील कामे आणि १९७७चा कायदा यांत मूलभूत फरक कोणता?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर शोधावे लागते. मगच वाचनाला लागावे. टिपणे स्वतःच्या शब्दांत काढावीत आणि प्रत्येक टिपणापुढे ग्रंथाचे नाव व पृष्ठक्रमांक तेव्हाच नोंदवावा. मागाहून तो शोधण्यात दिवस जातात.

यानंतरची पायरी, म्हणजे प्रश्नाचे उत्तर वाद घालता येईल अशा एका वाक्यात मांडणे, सर्वांत अवघड आहे आणि नेमकी तीच टाळली जाते. ‘रोजगार हमी योजना ग्रामीण जनतेसाठी अत्यंत महत्त्वाची ठरली’ हे वाक्य पाहा. यावर कोणी वाद घालणार नाही, म्हणून ते सिद्ध करण्याचीही गरज उरत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘दुष्काळात मिळणारे काम ही शासनाने केलेली मदत होती, १९७७च्या कायद्याने ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीला काम मागण्याचा हक्क दिला आणि शासनावर ते पुरवण्याचे बंधन घातले.’ आता लेखकाला कायद्यातील तरतूद दाखवावी लागेल, काम न मिळाल्यास द्यावयाच्या बेकारी भत्त्याचा विचार करावा लागेल आणि हा हक्क कागदावरच राहिला का, या आक्षेपालाही उत्तर द्यावे लागेल. निबंधाचा आराखडा या वाक्यातूनच निघतो.

एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्यावा. योजनेसाठी शहरी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला, ही गोष्ट कितीही रंजक असली तरी हक्काच्या परिच्छेदात ती घुसडू नये. खर्चाचा भार कोणी उचलला, या स्वतंत्र मुद्द्याखाली ती शोभते.

प्रस्तावना शेवटी लिहावी. ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’ ही सुरुवात प्राध्यापकांनी इतक्या वेळा वाचलेली असते की तिथेच त्यांचे लक्ष उडते.

पहिला खर्डा निदान एक दिवस बाजूला ठेवावा आणि मग मोठ्याने वाचावा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडावे. ‘करण्यात आलेले आहे’ या ठिकाणी ‘केले’ चालते का ते पाहावे. ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हे सर्वांत शेवटी तपासावीत, कारण जो परिच्छेद उद्या गाळायचा आहे त्याचे शुद्धलेखन आज सुधारण्यात अर्थ नाही.