शेजाऱ्यांची युती किती धोक्याची? असे तपासा

आधी कराराचा मूळ मजकूर वाचा; पत्रकार परिषदेतल्या गोडव्यांवर विसंबू नका. मदत कधी बंधनकारक होते, ते कलम शोधा. नाटोच्या १९४९ च्या करारातले पाचवे कलम एकावरचा हल्ला सर्वांवरचा मानते, पण मदत कोणती करायची हे ज्या-त्या देशावर सोडते. मग नकाशा उघडा: दोन सीमांवर एकाच वेळी सैन्य लागेल का? १८९४ च्या फ्रान्स-रशिया युतीने जर्मनीला हाच पेच घातला. म्हणून जर्मनीने आधी फ्रान्सला झटपट पाडून मग रशियाकडे वळायचे ठरवले. १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच, फ्रान्समधल्या मार्न नदीवर तो बेत फसला. सीमेपर्यंतची रेल्वे, तळ, दारूगोळ्याचे साठे, संयुक्त सराव मोजा. युती अभेद्य धरणे ही नेहमीची चूक. १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाचा साथीदार असलेला इटली १९१४ मध्ये तटस्थ राहिला आणि १९१५ मध्ये ऑस्ट्रियावरच उलटला.