बस्त्याला जाताना कुर्ता उलटा करून बघा

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर भाचीचा बस्ता बांधायला आम्ही सातजणी लातूरला गंजगोलाईत गेलो. पहिलाच कुर्ता समोर आला तसा मी तो उलटा केला आणि आतून बघायला लागले. नवरदेवाची आत्या म्हणाली, "उलटं काय बघालीस गं? सुलटं घालायचंय की!" घालायचं सुलटंच, खरं आहे. पण काम किती टिकणार, अंगाला टोचणार का, आणि सांगितलेला भाव त्यात आहे का, हे आतूनच कळतं. औशात माझं शिलाईचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. आल्टरला आलेला प्रत्येक कपडा आधी उलटा होतो, मग माझ्या मशीनवर येतो.

त्या दिवशी आमच्यापुढे पोपटी रंगाचे तीन कुर्ते होते. तिघांच्याही गळ्याला वेल आणि पाच पाकळ्यांची फुलं. भाव ४५०, १,४०० आणि ५,२०० रुपये. चार हातांवरून बघितलं तर तिन्ही बहिणी-बहिणी वाटाव्यात.

साडेचारशेचा कुर्ता म्हणजे सरळ कंप्युटर मशीनचं काम. मशीनच्या कामाची मजुरी टाक्यांच्या संख्येवर ठरते, हे एक कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. स्वस्त करायचं तर टाके कमी करायचे. मग टाके लांब होतात आणि विरळ पडतात. पाकळी बोटावर घेऊन जरा वाकवा. धाग्यांच्या मधून खालचं कापड डोकावलं तर भरण विरळ आहे. एकेक टाका तांदळाच्या दाण्यापेक्षा लांब असेल तर तो बांगडीत नाहीतर मंगळसूत्रात अडकणारच. पाकळीची किनार आणि आतला भराव एकमेकांना लागून आहेत का तेही बघा. ह्या कुर्त्यात किनार एका बाजूला सरकलेली होती आणि मधे पोपटी फट दिसत होती. फट एका फुलात असेल तर चालतं, सगळ्याच फुलांत असेल तर मूळ डिझाइनच घाईत बसवलेलं आहे.

म्हणून साडेचारशेचं घेऊच नये, असं मी कधीच सांगत नाही. रोज कॉलेजला घालायला पोरींनी जरूर घ्यावं. फक्त गळाभर दाट काम शोधू नका, सुट्या बारीक बुट्ट्यांचं घ्या. लहान बुट्टीत टाका आपोआप आखूड राहतो, त्यामुळे त्याच भावात ती जास्त धुण्या सोसते.

खरी नजर लागते ती चौदाशेच्या कुर्त्याला. बाई फसते ती ह्याच भावात, कारण कापड मऊ असतं, अस्तर असतं, पुडा चकचकीत असतो, आणि काम मात्र साडेचारशेवालंच असू शकतं. त्यादिवशी तसंच निघालं. तीच सरकलेली किनार, तीच विरळ पाकळी. वरचे पैसे कापडाचे होते. कापडाचे पैसे द्यायला हरकत नाही, पण ते कापडाचे म्हणून द्यावेत, कामाचे म्हणून नाही.

मशीनचं काम चांगलं कसं ओळखायचं? आतून एक रुंद पाकळी नाहीतर दांडा निवडा. मशीनला वरचा धागा रंगीत असतो आणि खालचा बॉबिनचा बहुतेक पांढरा. ताण बरोबर असेल तर उलट्या बाजूला मधोमध साधारण एक तृतीयांश पांढरी पट्टी दिसते आणि दोन्ही कडांना रंगीत धागा वळून आलेला असतो. आत नुसताच रंगीत धागा दिसला, तर वरचा धागा ढिला पडलाय, तो लवकर उसवायला लागतो. याउलट, सुलट्या बाजूला पांढरे ठिपके वर आले असतील, तर वरचा धागा फार ताणलाय. मग कामाच्या मागे लावलेला कागदासारखा थर बघा. आम्ही त्याला पेपरच म्हणतो. चांगल्या कामात तो टाक्यांच्या कडेने नीट कापलेला असतो, वाईटात त्याची कडक टोकं तशीच राहतात. गळ्याला ती चैत्र-वैशाखात घामोळ्यासारखी टोचतात. फुलांमधले लोंबते धागे कापलेले आहेत का आणि फुलाभोवती चुण्या पडल्यात का, ह्यावरही एक नजर टाका. दुकानातच चुण्या असतील तर धुतल्यावर त्या वाढणारच, कारण सुती कापड आटतं आणि पॉलिस्टरचा धागा आटत नाही.

पाच हजार दोनशेच्या कुर्त्याला दुकानातला मुलगा "पूर्ण हातकाम, ताई" म्हणाला. मी गळा उलटा केला. तिथे आरीकाम होतं, आणि ते खरं होतं. आरीच्या, म्हणजे आकडा असलेल्या सुईने वर साखळी पडते आणि मागे तोच धागा बारीक सरळ टाक्यांच्या रेघेत दिसतो. मधे मधे गाठी होत्या. एका फुलाची पाकळी दुसऱ्यापेक्षा केसभर मोठी होती. हात असाच चालतो. मग बाही उलटी केली. पांढरा बॉबिनचा धागा, पेपर, सगळी फुलं ठशासारखी एकसारखी. गळा हाताचा आणि बाह्या मशीनच्या! मुलाला दाखवलं तर तो गप्प झाला, मालक स्वतः आले, आणि ४,३०० वर सौदा पटला. म्हणून हातकाम तपासताना नुसता गळा बघू नका. बाही, घेर, ओढणीचं टोक, सगळीकडे बघा.

मधलाही एक प्रकार आहे. झिगझॅग मशीनवर कारागीर रिंग हाताने फिरवून फुलं भरतो. ती फुलं एकसारखी नसतात, म्हणून ती हातकाम म्हणून खपवतात. पण मागे बॉबिनचा धागा असतोच. त्या कामाला कौशल्य लागतं आणि त्याचा भाव कंप्युटरपेक्षा जास्त असावा, पण सुईच्या कामाइतका नाही.

आरीकामाची एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. बहिणीच्या साखरपुड्याला मी एका दुकानातून आरीचा तयार ब्लाउज आणला होता. पूजेच्या वेळी दंडावर धाग्याचं एक टोक सुटलेलं दिसलं, कुणीतरी प्रेमाने ते ओढलं, आणि अख्खी वेल सर्रकन उसवली. साखळी टाका असाच असतो, शेवटची गाठ नसेल तर एका ओढीत परत जातो. तेव्हापासून मी वेलीचं शेवटचं टोक आतून नखाने चाचपते. चांगले कारागीर गाठ मारतात आणि मागून गोंदाचा पातळ हात देतात. मण्यांचंही तसंच: एक मणी हळूच हलवा. शेजारचे पाच मणी सोबत हलले तर सगळे एकाच सैल धाग्यात ओवलेत, तो तुटला की आख्खी ओळ गळणार.

आमच्याकडे तांडे बरेच, त्यामुळे बंजारा कशिद्याची जाकिटं आणि पिशव्याही बाजारात येतात. आरसा गालाला लावून बघा. काच थंड लागते, प्लॅस्टिक लागत नाही. खरा आरसा आधी आडव्या-उभ्या धाग्यांनी अडकवतात, मग त्या धाग्यांना धरून भोवती गोल टाका घालतात. चिकटवलेल्याच्या कडेला गोंदाची चकाकी दिसते, आणि आपल्याकडच्या उन्हात गोंद सुटतो. तांड्यावरची बाई हाताने भरलेलं काम विकत असेल तर तिच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्या एका आरशाला किती टाके गेलेत ते मोजून बघा, तोंडातून शब्द निघणार नाही.

ड्रेसवर पैठणीचा मोर दिसला तर तो विणलाय की भरलाय हे विचारा. पैठणीची नक्षी मागावर विणतात, ती दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. हिमरूचं नक्षीदार कापडही विणलेलंच, त्याच्या पाठीला सुटे धागे असतात. मोराच्या मागे पेपर निघाला तर ते मशीनचं भरतकाम आहे, पैठणीचा भाव देऊ नका.

पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारून रुमालाचं टोक ओलं करा आणि लाल, मरून, काळ्या धाग्यावर दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर फिक्या कापडावर ते काम घेऊ नका, पहिल्याच धुण्यात फुलाभोवती गुलाबी डाग पसरतो.

घरी आणल्यावर बोअरच्या जड पाण्यात साबण लावून कपडा भिजत ठेवू नका. साबणाचा पांढुरका थर धाग्यावर बसतो आणि चमक मरते. नळाचं नाहीतर पावसाचं साठवलेलं पाणी घ्या, उलटा करून हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. इस्त्री खाली जाड टॉवेल घालून उलट्या बाजूने करा, म्हणजे फुलं चपटी होत नाहीत. टिकल्या असतील तर त्यांच्यावरून इस्त्री फिरवूच नका, प्लॅस्टिकच्या टिकल्या लगेच आकसतात.