नाव घेऊन आरोप लिहिण्याआधी

'खरं तेच लिहिलंय, मग घाबरायचं कशाला?' या समजुतीपायी भलेभले अडकतात. आपल्याकडे अब्रुनुकसानीच्या दोन वाटा आहेत. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात विधान खरं ठरलं की बचाव पुरा होतो. फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५००), ते प्रसिद्ध करणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. जुनी कलमं घटनाबाह्य नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आहे.

म्हणून मसुदा हाती घ्या आणि वाक्यागणिक ठरवा, ही वस्तुस्थिती आहे की मत? 'ठेकेदाराने सिमेंट कमी वापरलं' ही वस्तुस्थिती, पुरावा लागणारच. 'रस्ता तीन महिन्यांत उखडला, त्यावरून काम निकृष्ट वाटतं' हे मत, आणि ते कशावर उभं आहे हे वाचणाऱ्याला दिसतं. मात्र 'माझ्या मते तो चोर आहे' असं लिहिल्याने आरोपाचं मत होत नाही. 'असं बोललं जातं', 'सूत्रांच्या माहितीनुसार', शेवटी प्रश्नचिन्ह, यांनीही सुटका नाही, कारण दुसऱ्याचा आरोप पुन्हा सांगणं हेही प्रसिद्ध करणंच. नाव गाळलं तरी वर्णनावरून माणूस ओळखू आला तर पुरेसं आहे. उपरोधाने लिहिलेलंही कलमात येतं.

वस्तुस्थितीच्या प्रत्येक वाक्यासमोर समासात कागदाचा क्रमांक टाका. निकालाची प्रमाणित प्रत, माहिती अधिकारात मिळालेलं टिपण, मोजणीचा अहवाल. ज्या वाक्यासमोर क्रमांक नाही, ते काढा किंवा सौम्य करा. न्यायालयाच्या आणि इतर सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या लिखाणाला सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालाने चांगलं संरक्षण दिलंय. फक्त लैंगिक अत्याचारपीडितेची ओळख कधीही उघड करायची नाही.

सगळ्यात जास्त कष्ट सद्भावनेवर घ्या. कलमाला दहा अपवाद आहेत आणि त्यांतले बरेच सद्भावनेवर टेकलेले आहेत. कायद्याच्या लेखी सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, योग्य ती दक्षता आणि काळजी घेतलेली असणं. म्हणजे ती आधीच घ्यावी लागते, खटल्यात मागाहून उभी करता येत नाही. संबंधिताला नेमके प्रश्न लेखी पाठवा, उत्तराला वाजवी मुदत द्या, आलेलं उत्तर छापा, पत्रव्यवहार जपून ठेवा. तक्रारच करायची असेल तर ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यापेक्षा कारवाईचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. सद्भावनेने केलेल्या अशा तक्रारीसाठी स्वतंत्र अपवाद आहे.

नोटीस आलीच तर घाईने मजकूर पुसू नका. आधी पत्ता, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आणि मूळ फाइल जपा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. चूक झाली असेल तर मूळ मजकुराइतक्याच ठळकपणे दुरुस्ती द्या. माफीनाम्याची भाषा मात्र वकिलाला दाखवूनच ठरवा. एक सैल वाक्य कबुली ठरू शकतं.

नोटिशीतल्या धमक्या तपासून घ्या. 'पोलीस उचलून नेतील' असं लिहिलेलं असेल तर हा गुन्हा अदखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा) आणि जामीनपात्र आहे हे लक्षात ठेवा. साधारणपणे बाधित व्यक्तीलाच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करावी लागते, आणि आता दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी मिळते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं) दाखवलं असेल, तर ते २०१५ मध्येच रद्द झालंय. मुदतही मोजा: दिवाणी दाव्याला प्रसिद्धीपासून एक वर्ष, फौजदारी फिर्यादीला तीन वर्षं. आणि खटला चालण्याआधीच लेख उतरवण्याचा मनाई हुकूम मागितला गेला, तर २०२४ चा ब्लूमबर्ग निकाल वकिलाच्या हाती द्या. असा हुकूम अपवादानेच द्यावा, असं त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे.